एका थाळातलं कासव



मागच्या वेळी आम्ही साठवणीच्या समोशांबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणींचा एकच निरोप आला. मुलांसाठी घरी करता येईल असा एखादा केक सांगा, पण तो प्राण्याचा हवा, कारण साधा गोल केक आता मुलांना चालत नाही. खरं आहे. आमच्याही घरी हेच झालं. म्हणून या वेळी कासव. चोवीस कपकेक एका थाळात मांडून केलेलं. याला सुरी लागत नाही, कापताना चुरा होत नाही आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक अख्खा केक येतो.

वाढदिवस करावा की नाही यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. तो वाद आम्ही या पानावर आणत नाही. आमच्या सासूबाई म्हणतात, मेणबत्त्या विझवायच्या नाहीत. लेकराला जवळ घ्यावं, दुआ करावी, बिस्मिल्लाह म्हणून तोंड गोड करावं. आमच्याकडे तसंच होतं. ज्या घरी वाढदिवस करत नाहीत, त्यांनी हाच केक अकिक्याला, बिस्मिल्लाहख्वानीला, मुलाचं कुरआन वाचून पूर्ण झाल्यावर किंवा ईदच्या संध्याकाळी करावा.

कासवच का?

आम्ही दोघी जावा एकाच स्वयंपाकघरात राबतो. घरातली सर्वांत धाकटी यंदा सात वर्षांची झाली. ती एकीला अम्मी म्हणते, दुसरीला बडी अम्मी. हट्ट मात्र दोघींकडे सारखाच. आमच्यातल्या धाकटीचं माहेर बाणकोटला. मार्चमध्ये तिकडे गेलो असताना मुलांना जवळच्या वेळासच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी कासवांची घरटी राखण्याचं काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. पूर्वी माणसं ती अंडी उकरून नेत. कोल्हे-कुत्रीही खात. आता ती कुंपणाच्या आत नेऊन पुरतात आणि पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे होतो. तळहाताएवढंही नसलेलं एक पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं आणि तिसऱ्यांदा पाण्यात गेलं. धाकटीने त्या दिवशी ठरवून टाकलं की एप्रिलमधल्या वाढदिवसाला कासवच.

घरी आल्यावर केकची चर्चा सुरू झाली तेव्हा तिने विचारलं, "कासवाच्या केकात अंडी घालणार?" तिच्या डोक्यात वेळासची अंडी होती. आम्ही हसलो आणि मग दोघीही गप्प झालो. कारण आम्हाला दोन वर्षांपूर्वीची पार्टी आठवली.

त्या वर्षी आम्ही अंडी घालून मोठा केक केला होता. इमारतीतली सगळी मुलं आली होती. वरच्या मजल्यावरच्या घरात अंडं अजिबात चालत नाही, हे आम्हाला माहीत होतं, पण गडबडीत लक्षातच राहिलं नाही. त्यांची मुलगी धाकटीची जिवलग मैत्रीण. ती रिकामी बशी घेऊन कोपऱ्यात बसली. आम्ही विचारलं तर म्हणाली, "मला भूक नाही." आम्ही ते खरं मानलं. काही महिन्यांनी आमची धाकटी दुसऱ्या एका वाढदिवसाहून आली. तिथे जेली आणि रंगीत चिवट गोळ्या होत्या आणि तिने काही घेतलं नव्हतं. "मग तू काय सांगितलंस?" आम्ही विचारलं. ती म्हणाली, "मला भूक नाही असं सांगितलं." तेच वाक्य ऐकून आम्हाला वरच्या मजल्यावरची ती रिकामी बशी दिसली.

म्हणून यंदा आधी ठरवलं ते एवढंच, की थाळात जे असेल ते येणाऱ्या प्रत्येक मुलाला खाता आलं पाहिजे. कासवाचा आकार त्यानंतर.

पाकीट वाचताना

घटकांची यादी वाचायची सवय आपल्यापैकी बहुतेकींना आहे. तरी केकच्या सामानात काही गोष्टी नजरेतून सुटतात, त्या सांगतो.

पहिली गोष्ट जिलेटिन. ते जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून करतात, पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईगुरांच्या. मार्शमेलोमध्ये, चिवट गोळ्यांमध्ये, तयार जेलीत आणि केकवर पसरायच्या काही तयार फाँडंटमध्ये ते असतं. आपल्याकडच्या पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल तर त्यात जिलेटिन नसतं. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असेल तर पाकीट ठेवून द्यावं. पूर्वी त्रिकोणाच्या जागी तपकिरी गोल ठिपका असायचा. जेलीच हवी असेल तर रमजानमध्ये आपण वापरतो तो चायना ग्रास आहेच. तो समुद्री शेवाळापासून होतो.

दुसरी गोष्ट रंग. काही लाल-गुलाबी रंगांत कार्माइन असतं. त्याचा क्रमांक १२० आणि ते एका किड्यापासून काढतात. आमच्या कासवात लाल रंग नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

तिसरी गोष्ट व्हॅनिला. व्हॅनिलाच्या शेंगांचा खरा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात आणि हिरवा ठिपका त्याबद्दल काही सांगत नाही. आम्ही व्हॅनिला घेतलाच नाही, वेलची घातली. घरभर वास सुटला तो वेगळाच.

चौथी गोष्ट आमच्याच फडताळातली. दीर आखातातून हलालचा शिक्का असलेलं मार्शमेलोचं पाकीट घेऊन आले होते. त्यात गाईगुरांचं जिलेटिन. आपल्याला चालेल. पण वरच्या मजल्यावरच्या मुलीला नाही. हलाल म्हणून आम्ही निर्धास्त झालो असतो आणि पुन्हा तीच रिकामी बशी दिसली असती. ते पाकीट आम्ही ईदसाठी ठेवून दिलं.

शिवाय प्रत्येक मुलाच्या आईला आधीच फोन करून विचारावं की शेंगदाणा, बदाम, काजू, दूध यांपैकी कशाची ॲलर्जी आहे का. पाहुण्यांत चार-पाच वर्षांच्या आतली मुलं असतील तर वर अख्खे दाणे किंवा कडक गोल गोळ्या लावू नयेत, घशात अडकतात.

साहित्य आणि कृती

हे प्रमाण बारा कपकेकचं. चोवीससाठी हीच कृती दोनदा करायची आहे. एकदम दुप्पट भिजवू नका. कारण पुढे सांगतो.

मैदा दीड कप (सुमारे १९० ग्रॅम), साखर पाऊण कप (१५० ग्रॅम), ताजं, आंबट नसलेलं दही १ कप, वास नसलेलं तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, वेलची पूड अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. लागलं तर दोन-तीन मोठे चमचे दूध. कप २४० मिलीलिटरचा.

दही तासभर आधी फ्रिजमधून बाहेर काढून ठेवा. ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं तापू द्या. साच्यात कागदी कप लावून ठेवा. मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळा. साखर दळून घ्या म्हणजे लवकर विरघळते. दही आणि साखर फेटा, मग त्यात सोडा घाला. पाच मिनिटांत दही फुगून फेसाळतं. तेल आणि वेलची घाला. आता मैदा तीन वेळा करून हलक्या हाताने मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. फार घोटलं तर केक चिवट होतो. मिश्रण चमच्यावरून जाडसर, सलग पडलं पाहिजे. घट्ट वाटलं तर दूध घाला.

केकमध्ये अंडं दोन कामं करतं, बांधून ठेवायचं आणि फुगवायचं. अंडं नसेल तेव्हा फुगवायचं काम दह्यातली आंबट आणि सोडा करतात. दोघं भेटले की वायूचे बुडबुडे लगेच सुटायला लागतात. ते ओव्हनच्या गरमीत केकमध्ये अडकले तर केक हलका होतो, ओट्यावर निघून गेले तर दडदडीत होतो. बारा कप ओव्हनमध्ये असताना उरलेलं मिश्रण वीस मिनिटं वाट पाहत राहिलं की दुसरा घाणा बसतो. म्हणून मिश्रण दोनदा करायचं.

कप दोन तृतीयांशच भरा. आम्ही पहिल्या घाण्यात हावरटपणा केला. काठोकाठ भरले. सगळे फुगून एकमेकांना चिकटले आणि कागदांवरून ओघळले. ते बारा कुस्करून दुधात घालून मुलांनी रात्री खाल्ले आणि आम्हाला तिसरा घाणा करावा लागला.

१८ ते २० मिनिटं भाजा. पंधरा मिनिटं होईपर्यंत दार उघडायचं नाही. सासूबाई लहान असताना ईदच्या आधी घरोघरची नानखटाई पत्र्यांवर लावून बेकरीच्या भट्टीवर न्यायचे. त्या सांगतात, भट्टीवाला कुणाला डोकावू द्यायचा नाही. यंदा आमच्या ओव्हनसमोर खुर्ची टाकून त्याच बसल्या होत्या. मधल्या कपकेकमध्ये काडी घालून पाहा, कोरडी निघाली की झालं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा मोठ्या कुकरमध्ये मिठाचा जाड थर द्या, वर रिंग ठेवा, झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. कुकरची शिटी आणि रबर काढून ठेवायला विसरू नका. मग वाट्या आत ठेवून मंद आचेवर भाजा. एका वेळी पाच-सहाच मावतात, तेव्हा मिश्रणही थोडं थोडं करा. कोकणातल्या घरांत सांदणाच्या वाट्या असतातच. त्यांना तेलाचा हात लावून हेच मिश्रण सांदणासारखं वाफवलं तरी चालतं. रंग फिका येतो, पण क्रीमखाली तो कुणाला दिसत नाही. झाकणाला कापड बांधा, नाहीतर वाफेचं पाणी वर पडतं.

केक पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले तर डब्यात पाणी सुटतं आणि कागद सुटून येतात. हे काम आदल्या रात्री उरकून घ्या.

क्रीम

चोवीस कपकेकसाठी बिनमिठाचं बटर २५० ग्रॅम, आयसिंग शुगर ५०० ग्रॅम, थंड दूध दोन-तीन मोठे चमचे. आयसिंग शुगर नसेल तर साखर अगदी बारीक दळून, कपाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून दोनदा चाळा. चाळली नाही तर दाताखाली कचकचते. खाऱ्या बटरचं क्रीम करू नका.

मऊ झालेलं, पण न वितळलेलं बटर पाच मिनिटं फेटा. ते पांढुरकं आणि हलकं होतं. मग साखर थोडी थोडी घालत फेटा. शेवटी दूध. याचे तीन वाटे करा. सर्वांत मोठ्या वाट्यात हिरवा रंग आणि अर्धा छोटा चमचा कोको घाला. नुसता हिरवा पोपटासारखा दिसतो. कोकोने तो कासवाचा होतो. मधल्या वाट्यात हिरवा रंग आणि दोन छोटे चमचे कोको, म्हणजे गडद. सर्वांत लहान वाट्यात हिरव्याचा अगदी एक थेंब. रंग जेल किंवा पावडरचा घ्या, पाण्यासारखा पातळ रंग क्रीम ढिलं करतो.

आता उन्हाळ्याचं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात हे क्रीम ओट्यावरच सैल पडायला लागतं. केक किंचितही कोमट असेल तर ते घसरतं. म्हणून सकाळी लवकर क्रीम लावा, कपकेक डब्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि थाळात मांडणी पाहुणे यायच्या अर्धा तास आधी करा. मोठा केक फ्रिजमध्ये मावत नाही, कपकेकचे डबे मावतात.

थाळात मांडणी

आमच्याकडे लग्नकार्याला बाहेर निघणारा मोठा थाळ आहे, दीड हाताचा. तुमच्याकडे नसेल तर सुमारे ५० सेंटिमीटर लांब-रुंद जाड पुठ्ठा घ्या आणि त्याला फॉइल गुंडाळा.

मध्ये एक कपकेक ठेवा. त्याभोवती सहा बरोबर चिकटून बसतात. त्या सहांभोवती बारा. झाले एकोणीस, ही कासवाची पाठ. उरलेले पाच, चार पाय आणि एक डोकं. हिशेब चोख बसतो. मधल्या सातांना गडद क्रीम, बाहेरच्या बारांना हिरवं आणि पाय-डोक्याला फिकं. प्रत्येक कपकेकच्या बुडाला क्रीमचा ठिपका लावला की थाळ उचलताना ते सरकत नाहीत.

क्रीम सुरीने सपाट पसरा आणि सुरीच्या पाठीने प्रत्येकावर रेघा ओढा, पाठीवरच्या खवल्यांसारख्या. समुद्री कासवाचे पाय वल्ह्यासारखे असतात. म्हणून पुढच्या दोन पायांवर लांबट बिस्किट तिरकं टेकवून क्रीमने झाकलं. डोळ्यांना दोन चॉकलेट चिप्स. ज्या घरी डोळे-तोंड काढणं पसंत नसेल त्यांनी डोकं साधंच ठेवावं. पाठीवरूनच कासव ओळखू येतं. भोवती मारी बिस्किटांचा चुरा पसरला, ती वेळासची वाळू.

काहीजणी सगळ्या कपकेकवरून एकसंध क्रीम पसरतात. फोटोत ते छान दिसतं, पण एक उचलला की शेजारच्या दोघांचं क्रीम सोबत येतं. आम्ही प्रत्येकाचं वेगळं ठेवलं.

त्या दिवशी

दोन दिवस आधी आम्ही वरच्या मजल्यावर गेलो आणि सरळ विचारलं, "तुमच्याकडे भांड्यांचंही पाळतात का?" विचारायला अवघडल्यासारखं झालं. त्यांनाही सांगायला झालं असेल. त्या म्हणाल्या, "भांड्यांचं काही नाही हो, आत काय आहे तेवढं सांगा." आम्ही म्हटलं, "तुम्हीच येऊन बघा." पार्टीच्या दुपारी त्या आल्या. आम्ही सगळी पाकिटं एका ट्रेमध्ये ठेवली होती. त्यांनी बिस्किटांचं पाकीट उलटून वाचलं, चॉकलेट चिप्सचं वाचलं. अगदी आपण वाचतो तसं, ओठ हलवत. मग म्हणाल्या, "जिलेटिन बघायची मलाही सवय आहे. दुकानात अर्धी पाकिटं परत ठेवते." आम्ही म्हटलं, "आम्हीही." त्यानंतर वाळू त्यांनीच पसरली.

सतरा मुलं आली. सासूबाईंनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून दुआ केली, सगळ्यांनी आमीन म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीनेही. मग थाळ मुलांच्या मध्ये, खालीच चटईवर ठेवला. कुणाला तुकडा लहान आला, कुणाला गुलाब मिळाला नाही, असं भांडण झालंच नाही. झालं ते डोक्यावरून. डोकं सगळ्यांनाच हवं होतं. धाकटी थाळावर आडवी झाली आणि म्हणाली, डोकं खायचं नाही, ते समुद्रात जाणार आहे.

थोड्या वेळाने आम्ही स्वयंपाकघरात सरबत ओतत होतो. मागून दुपट्टा ओढला गेला. वरच्या मजल्यावरची मुलगी. नाकाला हिरवं क्रीम. "मला अजून एक मिळेल?"

पाठीवरचे बाहेरच्या रांगेतले दोन शिल्लक होते. तिने दोन्ही घेतले, एक घरी नेण्यासाठी.

डोकं तीन दिवस फ्रिजमध्ये होतं. चौथ्या दिवशी धाकटी शाळेत गेल्यावर सासूबाईंनी ते चहाबरोबर खाल्लं आणि आम्हाला सांगून ठेवलं, तिने विचारलं तर समुद्रात गेलं म्हणा.

तुम्ही केलंत तर आम्हाला जरूर कळवा, फसलेलं असलं तरीही. पुढच्या अंकात पावसाळी दिवसांसाठी काहीतरी गरम घेऊन भेटू, इन्शाअल्लाह.